आधी खोली, मग लॅपटॉप

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी बहिणीकडे गेलो होतो, घाटंजी तालुक्यातल्या गावात. भाच्याला यवतमाळला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. छपरीत सतरंजीवर तीन कागद पसरलेले होते: कॉलेजच्या फीची पावती, कृषी केंद्रातल्या उधारीची चिठ्ठी आणि एका दुकानातून आणलेलं लॅपटॉपचं कोटेशन. कोटेशनवर आकडा होता 84,000.

भाचा म्हणाला, "मामा, सारे पोट्टे म्हणतात गेमिंगवालाच घ्या लागते. साध्यावर कोडिंग होतच नाही म्हणे."

ताई कुकरची शिट्टी ऐकत दारात उभी होती. म्हणाली, "कापूस विकल्याबिगर एवढा पैसा कुठून आणू बाबू?"

मी विचारलं, राहायचं काय ठरलं? "रूमचं पाहू नंतर. कोणासंगही राहीन," असं उत्तर आलं.

दरवर्षी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हेच बोलणं होतं, आणि त्यात लॅपटॉपचा विषय आधी निघतो, खोलीचा शेवटी. मला हा क्रम उलटा वाटतो. संगणकशास्त्र शिकायला निघालेल्या मुलाची पहिली गरज रात्री दोन-तीन तास शांत बसता येईल अशी जागा ही आहे. कोणता संगणक घ्यायचा हेसुद्धा बरंचसं त्या जागेवरून ठरतं: तिथे वीज कशी आहे, ऊन कोणत्या भिंतीवर पडतं, मोबाइलला रेंज किती येते, कॉलेज किती लांब आहे.

आधी पैशाचं बोलू. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. त्या भावानं 84,000 रुपये म्हणजे दहा क्विंटलांहून जास्त कापूस. कोरडवाहू रानात एकरी चार-सहा क्विंटल पिकला तरी माणूस समाधान मानतो. म्हणजे त्या कोटेशनवर दोन एकरांचं अख्खं पीक लिहिलेलं होतं, आणि तेही बियाणं, खत, फवारणी, वेचाई यांचा खर्च वजा न करता.

दुसरी अडचण महिन्यांची. प्रवेशाच्या फेऱ्या होतात जुलै-ऑगस्टमध्ये. शेतकऱ्याच्या घरात वर्षातला सगळ्यात कोरडा काळ हाच. पेरणी झालेली, खत टाकलेलं, फवारण्या चालू, आणि हातात येणारं काही नाही. पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास होते, कापूस विकून रोकडा हाती येईस्तोवर डिसेंबर-जानेवारी उजाडतो. ऑगस्टमध्ये घेतलेला लॅपटॉप म्हणून बहुतेक वेळा कर्जाचा असतो, नाहीतर हप्त्यांचा. 'शून्य टक्के व्याज' लिहिलेल्या हप्त्यांतसुद्धा प्रोसेसिंग फी असते, आणि कार्डावरचे हप्ते असतील तर व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लागतो. रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती तीही बहुधा सुटते.

मग पहिलं सत्र लॅपटॉपशिवाय काढता येईल का? येतं. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून बघा. गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, इंजिनिअरिंग ग्राफिक्स, इलेक्ट्रिकलची तोंडओळख, आणि प्रोग्रॅमिंगचा एखादा विषय. तो विषय बहुधा सी भाषेचा किंवा पायथॉनचा. सी भाषा डेनिस रिची यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडवली. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्यांच्या गटाकडे आलेल्या पहिल्या पीडीपी-11 यंत्राची मेमरी होती 24 किलोबाइट. आजच्या 16 जीबीच्या लॅपटॉपमध्ये तिच्या जवळजवळ सात लाख पट मेमरी असते. ज्या भाषेचा जन्म एवढ्याशा यंत्रावर झाला, तिच्यातला बेरजेचा किंवा अविभाज्य संख्या शोधण्याचा प्रोग्रॅम चालवायला कॉलेजच्या लॅबमधला दहा वर्षं जुना संगणकही पुरतो. खिशातल्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं मोफत ॲप टाकलं तर त्यात सी चा कंपायलरही बसवता येतो. छोट्या पडद्यावर टायपिंगचा त्रास होतो, पण लॅब बंद असलेल्या रविवारी काम भागतं.

वहीत प्रोग्रॅम लिहून, त्यातली प्रत्येक ओळ बोटानं वाचत चलांच्या किमती कोपऱ्यात मांडत जाण्याची सवय या पहिल्या चार-पाच महिन्यांत लागली तर ती पुढे फार उपयोगी पडते. मी शिकलो तेव्हा आमच्याकडे दुसरा इलाजच नव्हता. आज मुलांना इलाज आहेत, तरीही मी भाच्याला एक जाड रेघी वही घेऊन दिली.

आता खोली.

गावातल्या मुलाच्या शिक्षणात शाळा-कॉलेजाइतकंच राहण्याच्या जागेला महत्त्व आहे, हे महाराष्ट्रात पहिल्यांदा नीट ओळखलं ते राजर्षी शाहू महाराजांनी. 1901 मध्ये त्यांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवलं आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी राहिली. शाळा कोल्हापुरात आधीपासून होत्या. खेड्यातल्या मुलाला तिथे जेवायला आणि झोपायला जागा नव्हती. आपल्या वऱ्हाडात हेच काम पुढे डॉ. पंजाबराव देशमुखांनी केलं. 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करणारे भाऊसाहेब अमरावतीच्या श्रद्धानंद छात्रालयासाठीही तितकेच झटले. राज्य सरकारच्या वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजनेला त्यांचं नाव आहे ते उगाच नाही.

यवतमाळ जिल्ह्यात तंत्रशिक्षण यायला वेळ लागला. 1983 मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचं, 1 मे 1983 चं. यवतमाळला जवाहरलाल दर्डा इन्स्टिट्यूट 1996 मध्ये आली. आता यवतमाळात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. तरी सोळा तालुक्यांचा हा जिल्हा लांबच लांब पसरलेला आहे. वणी किंवा उमरखेडच्या मुलाला यवतमाळ शंभर किलोमीटरांहून लांब पडतं. त्याला रोजचं जाणं-येणं शक्यच नाही. कळंब, बाभूळगाव, नेर, दारव्हा इथली मुलं मात्र अप-डाऊन करतात. एसटीच्या विद्यार्थी पासात दोन-तृतीयांश सवलत मिळते, आणि 2023 पासून महिलांना तिकीटच अर्धं झालं आहे, त्यामुळे मुलींच्या घरचे लोक अप-डाऊनचा विचार पहिल्यांदा करतात. पैसे वाचतात हे खरं. पण बसस्टँडवरची वाट पाहणं धरून दिवसाचे तीन तास जातात, आणि ते संध्याकाळचे असतात, जेव्हा लॅब उघडी असते आणि मित्र प्रोजेक्टवर बसलेले असतात. पहिल्या वर्षी अप-डाऊन चालेल. तिसऱ्या वर्षी ते महागात पडतं असं मी बऱ्याच मुलामुलींच्या बाबतीत पाहिलं आहे.

वसतिगृहाचे अर्ज प्रवेशाबरोबरच भरावेत. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर थांबायचं कारण नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. जेवण, राहणं आणि किरकोळ खर्चासाठी ही रक्कम थेट खात्यात येते. स्वाधारमध्ये ती यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 रुपये धरलेली आहे, शिवाय इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला शैक्षणिक साहित्यासाठी 5,000. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी वर सांगितलेला पंजाबराव देशमुख भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, गुणांच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या. त्या दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात. ही रक्कम टप्प्याटप्प्यानं येते, म्हणून तिच्या भरवशावर लॅपटॉपचे हप्ते बांधू नयेत. मुलींसाठी मात्र 2024-25 पासून एक मोठी गोष्ट झाली आहे: केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश घेतलेल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. ज्या घरी मुलगी संगणकशास्त्राला जाते आहे त्यांनी हे वाचलेले पैसे लग्नाच्या नावानं बाजूला न टाकता तिच्या खोलीला आणि संगणकाला लावावेत, ही माझी कळकळीची विनंती.

भाड्याची खोली बघायची असेल तर ती रात्री आठच्या सुमाराला बघावी. दिवसा सगळ्या खोल्या शांत असतात. जिथे टेबल ठेवायचं त्याच कोपऱ्यात मोबाइल धरून वेग मोजावा. दारात चार कांड्या रेंज आणि आतल्या भिंतीशी शून्य, असं स्लॅबच्या घरात हमखास होतं.

पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा. नळ किती दिवसांनी येतो, टाकी किती मोठी, उन्हाळ्यात टँकर कोण आणतं. निळोणा आणि चापडोह धरणांवर तहान भागवणाऱ्या यवतमाळ शहरानं 2018 च्या उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईत जे सोसलं ते इथल्या कोणाला सांगायला नको. परीक्षेच्या दिवसांत हंडे घेऊन फिरणाऱ्या मुलाकडून अल्गोरिदमचा अभ्यास होत नाही.

दुसरा प्रश्न उन्हाचा. खोली आपण ऑगस्टमध्ये बघतो, बाहेर हिरवंगार आणि गार. ती बघताना मे महिना डोळ्यांसमोर आणावा लागतो. वरच्या मजल्यावरची, डोक्यावर उघडा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत असलेली खोली स्वस्त मिळते. पण 44-45 अंशांत दिवसभर तापलेला स्लॅब ती आग रात्री दोनपर्यंत आत सोडत राहतो. उन्हाळी परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. खालचा मजला, पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी, आणि कूलर लावायला जागा असेल तर दोन-तीनशे रुपये भाडं जास्त द्यावं.

तिसरा प्रश्न विजेच्या पॉइंटचा, आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण याकडे कोणी बघत नाही.

धातूच्या पाठीच्या लॅपटॉपला चार्जिंगला लावून त्याच्यावरून हळूच बोट फिरवलं की कधीकधी मुंग्या आल्यासारखं होतं. मुलं म्हणतात लॅपटॉप खराब आहे. बहुधा लॅपटॉप चांगला असतो, खोलीतल्या प्लगला अर्थिंग नसतं. चार्जरच्या आत विजेतली खरखर गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून अगदी थोडी वीज सतत झिरपते. तिनं तिसऱ्या, जाड पिनेच्या वाटेनं जमिनीत जायचं असतं. प्लगच्या त्या वरच्या भोकामागे तारच जोडलेली नसेल तर ती यंत्राच्या पत्र्यावर येऊन बसते आणि आपल्या बोटातून वाट काढते. एवढ्यानं जिवाला धोका नसतो. पण ज्या घराला अर्थिंग नाही तिथे कूलरच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जीव घेते, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. खोली ठरवताना घरमालकाला "काका, अर्थिंग आहे ना?" एवढं विचारायला लाजू नये. वायरमन टेस्ट लॅम्प लावून दोन मिनिटांत सांगतो.

दुसरं न्यूट्रलचं. मी शिकत असताना आमच्या भाड्याच्या खोलीत एका पावसाळी संध्याकाळी बल्ब एकदम झगझगीत पेटला, पंखा भिरभिरायला लागला. आम्ही कौतुकानं वर बघत राहिलो. अर्ध्या मिनिटात माझ्या जुळवलेल्या डेस्कटॉपच्या पाठीमागून फटाक्यासारखा आवाज आला आणि जळकट वास. रोहित्राकडून येणारी न्यूट्रलची तार कुठेतरी निखळली होती. घरात 230 व्होल्ट येतात ते एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले. न्यूट्रल सुटली की एका फेजवरची घरं दुसऱ्या फेजवरच्या घरांशी साखळीत जोडली जातात आणि ज्यांच्याकडे विजेचा वापर कमी चालू आहे त्यांच्याकडे व्होल्टेज तीनशे-साडेतीनशेच्या वर चढू शकतं. स्पाइक गार्ड हा क्षणभराचा झटका अडवण्यासाठी असतो, असा टिकून राहिलेला चढ तो पेलत नाही. त्या संध्याकाळपासून माझा नियम पक्का आहे: दिवे नेहमीपेक्षा उजळ दिसले की आधी प्लग ओढायचे, मग विचार करायचा. अशा वेळी लॅपटॉपचा फायदा कळतो. जळला तर बहुधा चार्जर जळतो, यंत्र वाचतं. डेस्कटॉपचं तसं नाही.

वीज बिलाचाही हिशेब करून बघा. मॉनिटरसकट साधा डेस्कटॉप 150 वॅट घेतो असं धरलं तर रोज सहा तासांत 0.9 युनिट, महिन्याला 27. हलका लॅपटॉप 30 वॅट धरला तर महिन्याला साडेपाच युनिट. घरमालक सबमीटर लावून युनिटमागे दहा रुपये घेत असेल तर फरक महिन्याला दोनशेच्या वर जातो. डेस्कटॉप त्याच पैशात जास्त वेगवान मिळतो, दुरुस्तही सहज होतो, हे मला मान्य आहे. घरी राहून शिकणाऱ्यानं, घरात इन्व्हर्टर असेल तर, जरूर घ्यावा. खोली दरवर्षी बदलणाऱ्या आणि लाइन जाणाऱ्या गावात राहणाऱ्या मुलाला लॅपटॉपच बरा.

आता लॅपटॉप कसा.

सगळ्यात आधी रॅम बघावी. शेतकऱ्याच्या मुलाला हे पटकन समजतं: रॅम म्हणजे खळं, एसएसडी म्हणजे कोठार. मळणी खळ्यावर होते. खळं लहान असेल तर अर्धा माल परत कोठारात टाकायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा टाकायचा. संगणकही मेमरी संपली की तेच करतो, आणि आपल्याला तो अडकला असं वाटतं. विंडोज 11 सुरू होऊन नुसता बसला तरी तीन-चार जीबी खातो. वर ब्राउझरचे दहा टॅब, कोड एडिटर आणि डेटाबेस आला की 8 जीबी भरत येतात. अँड्रॉइड ॲप बनवायला लागतो तो अँड्रॉइड स्टुडिओ, त्याच्या एम्युलेटरसाठी आता 16 जीबी सांगितले जातात. म्हणून 16 जीबी, किंवा 8 जीबी आणि एक रिकामा स्लॉट. काही पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच झाळलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. दुकानदाराला हे स्पष्ट विचारावं आणि कंपनीच्या माहितीपत्रकात पडताळावं. 2025 च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे 'नंतर टाकू' हे पूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही. एसएसडी 512 जीबीची असावी. हार्ड डिस्कवाला जुना लॅपटॉप कोणी फुकट दिला तरी त्यात आधी एसएसडी टाकून घ्यावी, यंत्राला दुसरा जन्म मिळतो.

प्रोसेसरच्या नावात शेवटचं अक्षर महत्त्वाचं. इंटेलमध्ये यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. गेमिंग लॅपटॉपांत एच असतो, सोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड, आणि 180-200 वॅटचा विटेएवढा चार्जर. आता यवतमाळचं ऊन आठवा. चिप साधारण 100 अंशांपर्यंत तापू देतात, त्यापुढे ती स्वतःच वेग कमी करते. तिची उष्णता बाहेर जाण्याचा जोर चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर असतो. एसी शोरूममध्ये 25 अंश, म्हणजे फरक 75. मे महिन्यातल्या खोलीत 40 अंश, म्हणजे फरक 60. तोच पंखा, तेच यंत्र, पण उष्णता फेकण्याची ताकद पाचव्या हिश्श्यानं कमी. ज्या वेगाचे पैसे मोजले तो वेग परीक्षेच्या दिवसांत मिळणारच नाही. त्यात वणीकडची कोळशाची धूळ किंवा जिनिंगजवळच्या वस्तीतला कापसाचा तूस पंख्याच्या जाळीत बसला की आणखी भर. यू मालिकेतल्या यंत्राचा जीव थंड राहतो. उष्णतेनं लिथियम बॅटरीही लवकर म्हातारी होते, म्हणून चार्ज 80 टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती चालू ठेवावी. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, आणि कूलरच्या ओल्या झोतासमोरही ठेवू नये.

मग मशीन लर्निंग शिकायचं तर ग्राफिक्स कार्ड नको का? शिकण्यापुरतं गुगल कोलॅबवर जीपीयू फुकट मिळतं, कॅगलवर आठवड्याला तीस तासांच्या आसपास मिळतं. मॉडेल दूरच्या यंत्रावर शिकतं, आपल्या लॅपटॉपवर फक्त ब्राउझर उघडा असतो. त्याला लागते ती रेंज, म्हणजे पुन्हा खोलीचाच प्रश्न. रोजच्या दीड-दोन जीबी डेटाच्या पॅकवर कोलॅब निभावतं, पण पाच-सहा जीबीची उबुंटू लिनक्सची फाइल किंवा अँड्रॉइड स्टुडिओ उतरवायचा तर कॉलेजच्या वायफायवर बसावं लागतं. वर्गातल्या एकानं उतरवून पेनड्राइव्हवर सगळ्यांना द्यावं, हा जुना मार्ग अजूनही उत्तम आहे. लिनक्स मात्र प्रत्येकानं टाकावंच, विंडोजच्या शेजारी. जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात आणि ते मोफत आहे. विंडोज पूर्ण काढू नये, कारण प्लेसमेंटच्या बऱ्याच ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअरं विंडोजच मागतात.

पैसे अगदीच कमी असतील तर कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप बघावेत: थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या नावांचे. ते दणकट असतात, उघडून दुरुस्त करता येतात. फक्त एक आकडा वाचायला शिका. आय-5 च्या पुढे 7200 असेल तर पहिला 7 म्हणजे सातवी पिढी, 8250 असेल तर आठवी, 1135 असेल तर अकरावी. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेलवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणूनच सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं इतक्या स्वस्तात बाजारात आली आहेत. लिनक्सच वापरणार असाल तर घ्या, नाहीतर आठवीच्या खाली उतरू नका. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट निघतो, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून घ्या.

नवा घ्या की जुना, दुरुस्ती कुठे होणार हे विचारा. 'ऑनसाइट वॉरंटी' लिहिलेलं असलं तरी 445001 या पिनकोडला इंजिनिअर येतो का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून आधी खात्री करावी. नाहीतर ऐन सबमिशनच्या आठवड्यात यंत्र घेऊन नागपूरची बस धरावी लागते. अप-डाऊन करणाऱ्यानं वजन दीड किलोच्या आसपास बघावं आणि चार्जर यूएसबी-सी असेल तर उत्तम, वर्गमित्राचाही चालतो.

त्या दिवशी छपरीत आम्ही कोटेशन बाजूला ठेवलं. दुसऱ्या शनिवारी मी आणि भाच्यानं दारव्हा रोडच्या बाजूला सहा खोल्या पाहिल्या. पाचव्या खोलीत पाणी होतं, रेंज होती, खिडकी पूर्वेला होती. अर्थिंगची तार नव्हती. घरमालक काकांनी आठवड्यात जोडून दिली. खोलीसोबती दुसऱ्या वर्षाचा निघाला, त्याचा लॅपटॉप रात्री दहानंतर मोकळा असायचा. एक जुनं लाकडी टेबल आणि हत्त्याची खुर्ची मिळाली.

कापूस डिसेंबरच्या शेवटी विकला गेला. जानेवारीत ताईचा फोन आला, भाऊजी पैसे मोजून बसले होते. भाच्यानं या वेळी स्वतःच यादी करून आणली होती: 16 जीबी, 512 ची एसएसडी, यू मालिका, एक रिकामा स्लॉट, दीड किलो. नागपूरला रोखीनं 52,000 मध्ये बसलं. मी त्याला विचारलं, पहिल्यांदा काय टाकणार? म्हणाला, "उबुंटू. पेनड्राइव्हवर कवाचीच घेऊन ठेवली मामा." आणि बॅगेतून ती जाड वही काढून दाखवली. शेवटचं पान भरलं होतं.